रंगभूषा, दहापैकी

सातव्या रांगेत मधल्या तीन खुर्च्या आमच्या.
पुढे फळी टाकून केलेलं टेबल,
त्यावर लाल कागद गुंडाळलेला चिमुकला दिवा,
आमचा उजेड त्यांच्या अंधारात सांडू नये म्हणून.
डावीकडे रत्नागिरीच्या तोरणेबाई, पेन टिकटिकवत.
उजवीकडे आंबुलकर, दर काळोखाला एक खोकला.
अकरावा दिवस. अकरावं नाटक.

तिसरी घंटा. हुपरीचं मंडळ.
पडदा उघडता उघडता अडकला,
आतून एका पायाने तो ढकलला, चप्पल दिसली,
खसखस पिकली.
तक्त्यात पडद्याला रकाना नाही.

गोष्ट एका शाळामास्तराची. पट तीनवर आलेला,
आणि हा रोज हजेरी घेतो पन्नास जणांची.
सोडून गेलेल्यांच्या वतीने स्वतःच म्हणतो 'हजर',
दर वेळी वेगळ्या आवाजात:
घोगरा, तोतरा, झोपेतला, मार खाऊन आलेला.
दहाव्या आवाजापर्यंत मी अभिनयाचे गुण टाकून मोकळा झालो होतो.
विसाव्याला ते खोडले.
बाई म्हणाल्या, लांबतंय.
एकतिसाव्याला तो अडला.
विंगेतून वाक्य आलं, मग पुन्हा आलं,
पार बाल्कनीपर्यंत.
मास्तराने विंगेकडे बघितलं, खडू खाली ठेवला,
म्हणाला, 'बाहेरून उत्तरं सांगायची नाहीत.'

शिट्ट्या. टाळ्या. मी संहितेची प्रत चाळली.
हे वाक्य तीत नव्हतं.
मग हे गुण कुणाचे?
विचारायला वेळ नव्हता. तो फळ्याकडे वळला होता,
तारीख लिहीत होता, झोत नेमका हातावर.

बोटं काळी.
नखांच्या कडा, पेरांवरच्या रेघा, सगळं काळं.
सदरा पांढरा, टोपी पांढरी, खडू पांढरा,
आणि ते हात.
बारकावे बघायलाच तर आम्हाला बोलावतात.
मी लिहिलं: 'जन्मभर खडू धरलेल्या माणसाचे हात असे नसतात.
रंगभूषेत हयगय.' चार.
वाक्य बरं उतरलं म्हणून पुन्हा एकदा वाचलं.

पडदा. सहा मिनिटं जास्त झाली, त्याचे वजा.
बेरीज, तीन सह्या, लखोटा, वर लाख.
समन्वयकांनी तो डिकीत टाकला, स्कूटरला किक मारली.

जेवण नको होतं. चालत गंगावेशीत आलो.
रात्रीच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या,
धार थेट चरवीत, चरवीतून ग्लासात.
आणि तिथे अख्खी शाळा.
टेम्पोत फळा पालथा, भिंत दोरीने बांधलेली,
तारीख अर्धी पुसलेली.
परीक्षकाने स्पर्धकांशी संपर्क ठेवू नये: नियम नऊ.
मी एका म्हशीआड झालो.

सुकुमार चौगुले. तोंडावरचा रंग खोबरेलाने उतरवलेला,
कानामागे थोडं म्हातारपण राहून गेलेलं.
फेसाचा ग्लास धरलेली बोटं
मात्र तशीच.

'सुक्या, हात तरी धुवायचास की लेका.'
'सोड्यानं घासलं. लिंबानं घासलं. रॉकेलनं बी घासलं.
चांदीचं काळं हाय ते.
पैंजण उजळतंय, तर त्याचं काळं
कुठंतरी जायाचंच की.
चला उरका, सकाळी सातला पॉलिशला बसायचंय.'

एव्हाना लाख वाळली असणार.
चाराचा आठ करायला पेनाचा एक फाटा पुरतो,
हेही तेव्हाच सुचलं.

'ओ पावणं,' दूधवाला ओरडला,
'म्हशीमागं काय थांबलाय? लाथ घालंल!'
सगळे वळले. त्याने ओळखलं.
ग्लास कट्ट्यावर ठेवला, ओठांवरचा फेस पुसला,
आणि दोन्ही हात जोडले,
दिव्याखाली, नीट, दहाही बोटं.

नियम नऊ.
मी म्हशीकडे बघितलं.
म्हशीने माझ्याकडे.